शेवटच्या रांगेपर्यंत

दुमयात
शनिवार, शाबानची नववी

नाहेद,

सलाम. आम्ही दोघी बऱ्या आहोत, तुम्हीही बरे असाल, अल्ला सगळ्यांना सांभाळो. झालं एवढं. फोन सोडून कागद का खरडतेय म्हणशील. फोनवर तू रडतेस, मी ओरडते, आणि भिंतीपलीकडे पोरगी ऐकते. शेजारच्या करीमाचा जावई उद्या कुवेतला निघालाय, त्याच्या हाती देतेय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नावं ठेवू नकोस.

आधी तुझ्या त्या नाटकाच्या क्लासचं ऐक. हट्ट तुझाच. तू म्हणालीस, माझी शुरूक तोंडातल्या तोंडात बोलते, कुवेतच्या शाळेत तिचा निभाव कसा लागेल, नव्या सासरी माझी मान खाली जाईल, आधी तिला धीट कर, मग नेते. म्हणून पाच महिने दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की तिला संस्कृती भवनात घेऊन जाते. कारखान्याची एकच सुट्टी, तीही अशी गेली.

तिथे करतात काय, तर मुलं जमिनीवर उताणी पडून श्वास घेतात. श्वास काय शिकवावा लागतो? मग गाढवासारखी ओरडतात. एकदा तासभर सगळी झाडं होऊन उभी. शिकवणारी रुवैदा म्हणून कालची पोरगी आहे. तिला म्हटलं, "बाई, ही बोलायला शिकायला आलीय. झाड ती घरीही असते."

ती म्हणाली, "मावशी, हिचा श्वास छातीतच अडकतो. घरी कोणी गप्प बसवतं का हिला?"

"आमच्याकडे मुलींना मारत नाहीत."

"मारण्याचं कुठे विचारलं मी?"

इतका राग आला की घरी येऊन भांडी आपटली. पण खरं लिहायचं तर राग तिचा नव्हता.

माझं काम तुला माहीत आहे, खुर्च्यांच्या नक्षीवर सोनेरी वर्ख बसवायचा. समोरच्याने शिंकलं तरी पान उडतं. तीन वर्षांची पोर माझ्यापाशी सोडून तू गेलीस, ती विचारायची, "आई कधी येणार?" मी म्हणायची, "श्श, श्वास धर, वर्ख उडेल." हातात वर्ख नसायचा तेव्हाही म्हणायची. आठ वर्षं हेच. आता कळलं, ती तोंडातल्या तोंडात का बोलते?

काल क्लासने घरच्यांना बोलावलं होतं. आम्हा बायकांना मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवलं. एकेका मुलाने मंचावर यायचं, माइक नाही, आणि आपल्या माणसाला हाक मारायची. ऐकू आली की त्या माणसाने हात वर करायचा. ‘आई’ म्हणायचं नाही, नाहीतर वीस बायका हात वर करतील. गल्लीत ज्या नावाने ओळखतात तेच नाव. कोणी उम्म यूसुफ, यूसुफची आई, कोणी उम्म हाजर.

गल्लीने मला काय नाव ठेवलंय ते तुला ठाऊक आहे. उम्म ग़ाएब, न आलेल्या लेकराची आई. मान राखल्यासारखा टोमणा. म्हटलं, आता ही भर सभेत तेच म्हणणार आणि लोक दात काढणार.

शुरूक आली. ओठ हलले, आवाज नाही. मग म्हणाली, "उम्म शुरूक."

मी मान वळवून दाराकडे बघितलं. वाटलं, तू आलीस. मनात तुला शिव्याही घातल्या, न कळवता आलीस, घरात खायला कालची कोशारी तेवढी उरलीय. दारात कोणी नव्हतं. पोरीने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. मी अजून दाराकडेच बघतेय. तिसऱ्यांदा ओरडली तशी सोबत आलेल्या करीमाने कोपर मारलं. "अगं बये, हात वर कर. तुलाच बोलावतेय ती."

केला हात वर. काय करणार होते?

कुराणाची शपथ, हे मी तिला शिकवलेलं नाही. वाटेत रागावलेही. म्हटलं, "ते नाव तुझ्या आईचं आहे."

"माहितीये," म्हणाली. "पण ती शेवटच्या रांगेत नव्हती."



दुसऱ्या कोणी तुला सांगण्याआधी मी सांगितलं. आता तुझ्या निरोपाचं, पोरीचे कागद पाठव म्हणालीस ते. जन्माचा दाखला, शाळेचे कागद, फोटो, सगळं बिस्किटांच्या डब्यात तयार आहे. मी काही दडवलेलं नाही. पण करीमाच्या जावयाच्या हाती ते देत नाही. पोरगी म्हणजे पार्सल नव्हे. तू स्वतः ये. तिला समोर बसवून विचार, जायचंय का. मी बाहेर जिन्यात थांबेन, मध्ये बोलणार नाही. ती जे म्हणेल ते मला जिन्यातही ऐकू येईल. तुझ्या क्लासने तेवढं केलंय.

उम्म शुरूक हे नाव खाली लिहीत नाही, ते तुझं आहे. गल्लीने ठेवलेलं जुनंही आता हातून उतरत नाही. म्हणून बापाने ठेवलेलं लिहिते.

तुझी थोरली बहीण,
तफीदा