गरजेपुरती गोळी

सोमवार, ३ मार्च

जहाज मिळालं! मालवाहू. जागा स्वयंपाकघरातल्या मदतनिसाची. म्हणजे कांदे सोलायचे आणि पातेली घासायची, पण मोठी माणसं सुरुवात कुठूनही करतात. ५ एप्रिलला सुटणार, नऊ महिने पाण्यावर. त्याआधी फक्त मेडिकल. एजन्सीतला कारकून म्हणाला, "मेडिकलला बरेच जण गळतात हां." म्हटलं, गळत असतील. मी चोवीस वर्षांचा आहे आणि मला औषधांची सवय नाही.

ताईला सांगितलं. ती घरीच शाळेचे युनिफॉर्म शिवते. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तिला आनंद झाला की नाही ते पाच मिनिटं कळलंच नाही. टाचण्या काढल्यावर म्हणाली, "या वेळी तरी टिक रे बाबा." हा टोमणा होता. सात महिन्यांत चार कामं सुटली त्याबद्दल. पण बर्फाच्या कारखान्यात गारठ्याने डोकं दुखायचं, टायरच्या गोदामात वासाने, छापखान्यात आवाजाने, आणि चौथ्या ठिकाणी सुपरवायझरने. यात माझा काय दोष? समुद्रावर हवा स्वच्छ. तिथे दुखायला कारणच उरणार नाही.

दुपारी डोकं दुखलं. एक गोळी. गरजेपुरती.

मंगळवार, ४ मार्च, सकाळी ७

जाग आली तीच डोकं धरून. खिडकीतून भाऊजींना बघितलं. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो आणि रोज सकाळी इमारतीभोवती आठ फेऱ्या मारतो. अरे, चालायचंच आहे तर कुठेतरी पोच ना! मी एकदा दोन दिवस सलग चाललो होतो. (बस चुकली होती, पण तो मुद्दा वेगळा.) फेऱ्या झाल्या की ब्लड प्रेशरची एक गोळी. रोज. चार वर्षं! मग दंडाला पट्टा बांधून मशीन लावायचं आणि आकडा वहीत लिहायचा. माणूस आहे की मीटर?

मला म्हणाले, "तूही बघून घे एकदा. मेडिकल आहे ना तुझं?" म्हटलं, मला कुबड्या लागत नाहीत. त्यांनी वही मिटली आणि कामाला निघाले. बोलण्यासारखं असतं तर बोलले असते.

गोळ्या दोन. शिलाई मशीनचा खडखडाट.

गुरुवार, ६ मार्च

कोपऱ्यावरच्या केमिस्टचा स्वभाव बघता त्याने शाळा काढायला हवी होती. स्ट्रिप मागितली तर म्हणे, "सोमवारीच नेलीत की. रोज घेता काय?" म्हटलं, रोज नाही, दुखलं की. "आणि दुखतं कधी?" म्हटलं, रोज. हा हसला. दुकानदाराने माल द्यावा, शिकवण्या घेऊ नयेत.

त्याच्याकडे वजनाचा काटा होता म्हणून वजन केलं. बाहेर मांजरीची तीन पिल्लं होती, त्यातलं एक सारखं स्वतःच्याच शेपटीला दचकत होतं. बराच वेळ बघत बसलो. घरी आल्यावर कळलं, स्ट्रिप काउंटरवरच राहिली. परत गेलो. आता तो मला चेहऱ्याने ओळखतो. दुसरा केमिस्ट शोधणे.

गोळ्या तीन. उन्हात दोनदा जावं लागलं.

रविवार, ९ मार्च

उद्या मेडिकल. पोटात नुसती आग. ताईला म्हटलं, तिखट कमी घालत जा. ती म्हणाली, "तुझ्या भाऊजींमुळे वर्षभर या घरात तिखट नाही आणि मीठही बेताचं. तुला जेवताना कळत नाही का?" जेवताना मी विचार करत असतो, चव बघत नसतो.

उपाय मी स्वतःच शोधलेला आहे. फसफसणारी पावडर. पाण्यात टाका, उसळते, पिऊन टाका, ढेकर, माणूस नवा. आज पाच वेळा नवा झालो. हे औषध नाही, पेय आहे. चमच्याने घ्यावं लागतं ते औषध.

संकल्प : उद्यापासून लवकर उठणे, भरपूर पाणी, काळी कॉफी दिवसाला फक्त चार कप.

सोमवार, १० मार्च, दुपारी २

मेडिकल झालं. डोळे उत्तम. कान उत्तम. छाती उत्तम. १६४/१०२.

डॉक्टरांच्या चष्म्याची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड. त्यातून नीट दिसलं नसणार म्हणून म्हटलं, परत बघा. त्यांनी दहा मिनिटं बसवून परत बघितलं. १६२/१००. मग दुसऱ्या हाताला. माझे दोन्ही हात एकसारखेच निघाले.

विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" म्हटलं, नाही. "काहीच नाही?" काहीच नाही. अभिमानाने सांगितलं. त्यांनी तसं लिहूनही घेतलं. २४ तारखेला पुन्हा बोलावलंय. तेव्हाही आकडा असाच आला तर फिटनेस नाही, आणि फिटनेस नाही तर जहाज नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. ती खोलीच तशी आहे. भिंतीवर आतड्याचं चित्र लावून ठेवतात आणि मग माणसाचं प्रेशर मोजतात.

गोळ्या चार. टेन्शनने.

गुरुवार, १३ मार्च

प्रेशरवरचे उपाय गोळा केले. भाऊजींना विचारलं नाही, चार वर्षं एकाच गोळीवर अडकलेल्या माणसाला काय विचारायचं? छापखान्यातल्या जुन्या मित्राला फोन केला. तो म्हणाला कच्चा लसूण. त्याची बायको मागून ओरडली, बीटाचा रस. त्यांचं तिथेच भांडण लागलं, मी फोन ठेवला आणि दोन्ही सुरू केलं.

लसणाने पोट पेटलं. पावडर घेतली. बीटाने मळमळलं. पावडर घेतली. दोन्हीने डोकं उठलं. गोळी. शरीर उपचाराला प्रतिसाद देतंय.

ताईने शर्टाचं काज करता करता विचारलं, "तू दिवसातून किती वेळा काय काय घेतोस रे?" म्हटलं, मोजणारा तुझा नवरा आहे, मी नाही.

मंगळवार, १८ मार्च

भाऊजींबरोबर फेऱ्या मारायचं ठरवलं. वैज्ञानिक हेतूने. दुसऱ्या फेरीला तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी गाठलं. ते कधीकाळी दीपगृहात नोकरीला होते. दिव्याची भिंगं कशी पुसायची हे त्यांनी इतकं छान सांगितलं की तासभर तिथेच बसलो. तोवर भाऊजी आठ फेऱ्या मारून, अंघोळ करून, कामाला निघाले. जाता जाता म्हणाले, "मेहुणे, अजून सहा बाकी आहेत हां."

उद्यापासून एकट्याने मारीन. मंद माणसाबरोबर चालल्याने माझा वेग बिघडतो.

शनिवार, २२ मार्च

सर्दी. नाक बंद. परवा मेडिकल आणि नाक बंद! नव्या केमिस्टकडून सर्दीच्या गोळ्या आणल्या. हा शहाणा आहे, काही विचारत नाही. घेतल्यावर तासाभरात नाक मोकळं. छाती जरा धडधडते, पण ती तब्येत सुधारल्याची धडधड.

ताई म्हणाली, "सोमवारी मी येते तुझ्याबरोबर." कशाला? "तू खोटं बोलतोस म्हणून." मी आयुष्यात डॉक्टरांशी खोटं बोललेलो नाही. ती शाळेच्या वीस पँटींची शिलाई टाकून येणार म्हणे. ये. भावाचा विजय बघ.

सोमवार, २४ मार्च, सकाळी ८

तयारी पूर्ण. डोकं आयत्या वेळी दुखू नये म्हणून दोन गोळ्या. पोटासाठी पावडर. नाकासाठी सर्दीची गोळी. झोप नीट झाली नाही म्हणून कॉफी. अशा फॉर्मात मी आजवर कधी नव्हतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

१७२/१०६.

डॉक्टरांनी विचारलं, "काही घेऊन आलास का?" म्हटलं, नाही. मागून ताई म्हणाली, "डॉक्टर, याला खिसे उलटे करायला सांगा." सांगितलं. केले. टेबलावर दीड स्ट्रिप, पावडरीच्या सहा पुड्या, सर्दीच्या गोळ्या, लसणाच्या तीन पाकळ्या. डॉक्टर म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "हे सामान आहे."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, डोकेदुखीची गोळी रोज घेतली की पुढे ती गोळीच डोकं दुखवते. तीच पोट जाळते, तीच प्रेशर चढवते. जळजळीवर पावडर घेतोस, त्यात सोडियम, म्हणजे मीठच प्यायल्यासारखं. आणि आज सकाळी वरून सर्दीची गोळी! "डोकं रोज दुखायला लागलं ते गोळ्या सुरू करायच्या आधी की नंतर?" असले अडाणी प्रश्न. एवढ्या मागचं कुणाच्या लक्षात राहतं? तर ताई म्हणाली, "नंतर. आधी महिन्यातून एखाद्या वेळी दुखायचं. बर्फाच्या कारखान्यात लागला तेव्हा एकदा घेतली, मग रोजच."

मी विचारलं, मग आज सही करता का? ते म्हणाले, "भर समुद्रात तुला काही झालं तर तिथे कोण बघणार?" शिक्का मारला. 'सध्या अपात्र.' सगळं बंद कर, सहा आठवड्यांनी ये.

जहाज बारा दिवसांनी सुटतंय.

परत येताना बसमध्ये ताई रडली. मला वाटलं पँटी राहिल्या म्हणून. तसं विचारलं तर म्हणाली, "गप बस."

बुधवार, २६ मार्च

ताईने सगळं सामान जप्त केलंय. डोकं असं दुखतंय की कवटीच्या आत कुणीतरी कपाट सरकवतंय. म्हणजे गोळ्यांचा उपयोग होत होता! डॉक्टर चूक. लिहून ठेवतो. ते म्हणाले होते की आधी आठवडाभर वाढेल. असं म्हणायला काय जातं?

एजन्सीत फोन केला, थांबता येईल का. कारकून म्हणाला, "भाऊ, जहाज आहे ते, रिक्षा नाही." माझ्या जागी दुसरा घेतला म्हणे. कांदे सोलायला असा किती वेळ लागतो माणूस मिळायला!

शुक्रवार, २८ मार्च

दुखतंय. भाऊजी कामावरून आले, ओला रुमाल कपाळावर ठेवला, दिवा बंद करून गेले. फुकटचे उपकार. रुमाल वाळला की परत ओला करायला येत होते.

मंगळवार, १ एप्रिल

सकाळी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बराच वेळ कळेना काय ते. डोकं दुखत नव्हतं. हवा बदलली असणार.

शुक्रवार, ४ एप्रिल

पोटातली आग नाही. भाऊजींनी जबरदस्तीने पट्टा बांधला. १२४/८०. म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. त्यांनी स्वतःला लावून बघितलं, त्यांचं रोजचंच आलं. मग दोघंही त्या आकड्याकडे बघत बसलो. त्यांनी तो वहीत लिहिला. माझ्यासाठी नवीन पान काढलं.

शनिवार, ५ एप्रिल, सकाळी १०

साडेनऊला सुटलं असेल. बंदरावर जाऊन बघायचं ठरवलं होतं. गेलो नाही. तिथे उगाच गर्दी असते.

भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. आतून मशीनचा खडखडाट, बाहेर कडक ऊन, जवळच कुणीतरी भिंतीत खिळे ठोकत होतं. डोक्यात काहीही नाही. एक कळ नाही.

ताईने मशीन थांबवलं. विचारलं, "काय रे, असा का पडलायस? डोकं दुखतंय?"

म्हटलं, "हो. फार."