खंडेनवमीपर्यंत प्रेस

१४ जुलै
खताच्या दुकानात फुकट मिळालेली डायरी. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढी पुरते. फोनवरच्या व्हिडिओतला माणूस सांगते की भट्टी बांधताना रोजचं लिहून ठेवा, म्हणजे चूक ध्यानात येते. माझी चूक होत न्हाई. तरी लिहिते.

ठरवलं ते असं. घरामागं पत्र्याखाली नवी भट्टी आणि हायड्रॉलिक प्रेस. खंडेनवमीला मालक ऐरणीपाशी बसणार. लग्न झाल्यापासून मालक सांडशीनं लोखंड धरतेत आणि मी घण मारते. होळीनंतर त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हिंगोलीचा डॉक्टर म्हणला, हात परत येणं कठीण. त्यानं कधी सांडशी धरली हाय? माझ्या मतानं हात गेला न्हाई, घणाच्या झटक्याला भ्याला. प्रेसला झटका न्हाई. हळू दाबते. मग दुबळ्या हातानंबी लोखंड धरता येते. एवढी साधी गोष्ट.

१९ जुलै
भट्टी झाली. ट्रकच्या चाकाची जुनी डिस्क, आतून मातीचा लेप. खेमा पाहून गेला. खेमा म्हणजे रस्त्यावरचा वेल्डिंगवाला, मालकांच्या हाताखाली शिकलेला. म्हणला, वैनी, माती चांगली वाळू द्या. मी म्हणलं, पावसाळ्यात तुझा बाप येते का वाळवायला? लगेच पेटवली.

दुपारी
लेप फुटला. ढेकूळ उडून पत्र्याला भोक पडलं. माती खराब होती.

२ ऑगस्ट
दुसरी माती. ही वाळली, कारण मधी मला ताप होता. हवेसाठी सेवाचं केस वाळवायचं मशीन जोडलं. सेवा माझी पोरगी, औंढ्याला दिलेली. पंचमीला आली होती, मशीन इसरून गेली. फोनवर म्हणली, माय, निदान विचारायचं तर. मी म्हणलं, तुझे केस आपोआप वाळतील.

जाळ एक नंबर. मालक खाटेवरून पाहत होते. त्यांच्या डाव्या हातात चमचा होता. खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजवला. टक टक.

आमच्या कामात तोंडानं बोलत न्हाईत. धरणारा छोटी हातोडी लोखंडावर वाजवते, तिथं घण पडला पाहिजे. हातोडी मोकळ्या ऐरणीवर वाजली की थांब. काहून म्हणून विचारायचं न्हाई, घण खाली ठेवायचा. न्हाई ठेवला तर कोणाचं तरी मनगट जाते. मी आजवर त्या आवाजानंतर एक घाव घातला न्हाई.

आता मालकांना घाई झालेली दिसते. लवकर कर म्हणतेत.

१३ ऑगस्ट
प्रेसचा सांगाडा खेमानं जुन्या लोखंडी चॅनलचा करून दिला. दाबायला ट्रकचा तेलाचा जॅक, तो मी वरून उलटा टांगला. खेमा म्हणला, वैनी, हा जॅक उलटा चालत न्हाई, तेल भलतीकडं जाते. मी म्हणलं, काम असलं तर मीबी उलटी टांगून चालंन.

जॅक चालला न्हाई. तेल डोक्यावर आलं. दोनदा केस धुतले, पण मऊ झाले.

आता जॅक खाली ठेवायचा. हे मला आधीच वाटलं होतं.

२५ ऑगस्ट
सेवा आली. दिवसभर बापापाशी बसली. चमचा वाजत होता. संध्याकाळी म्हणली, माय, बाबा थांब म्हणून राहिले. मी म्हणलं, खाट म्हणजे ऐरण न्हाई. खाटेवरचं धरायचं नसते. ती म्हणली, मग त्यांनी ऐरण कुठून आणावी? लोहाराच्या पोरीनं असं बोलू नये.

ती म्हणली, बाबाला औंढ्याला नेते, तूबी चल. मी म्हणलं, आणि प्रेस?

३१ ऑगस्ट
दाबायला कडक लोखंडाचं तोंड पाहिजे. बाजारचं पटत न्हाई. आपल्या घणाचं तोंड बराबर बसते. खेमाला म्हणलं, काप.

तो कापंना. म्हणला, वैनी, हा घण तुमच्या सासऱ्याच्या हातचा. असं करू, मी लोखंड धरतो, तुमी घण मारा. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, सगळं निघंन. तुमच्यासारखा घाव तालुक्यात कोणाचा न्हाई.

मी म्हणलं, तू काहून धरशील? धरणारा जिता हाय.

खेमानं मशीन आणली. मग घण कापून तोंड प्रेसला जोडलं. वेल्डिंगचा उजेड पडला तसं मालकांनी तोंड भिंतीकडं केलं. त्या उजेडानं डोळ्याला तकलीफ होते.

रातच्याला जेवले न्हाईत. गवारीची भाजी त्यांना पहिल्यापासून आवडत न्हाई.

१२ सप्टेंबर
प्रेस चालली. कोण म्हणत होतं चालणार न्हाई?

थोडी अडचण हाय. लोखंड लाल काढलं, प्रेसमधी ठेवलं, जॅकचा दांडा वरखाली, वरखाली. घणाचं तोंड लोखंडाला टेकेपर्यंत लोखंड काळं. पुन्हा तापवलं, पुन्हा काळं. दुपारपर्यंत एक पट्टी जराशी चेपली. घणानं ते काम चहा उकळेपर्यंत झालं असतं. पण घणाला झटका हाय.

उपाय सापडला. दांडा जोरात हलवायचा. उद्यापासून खांद्याला तेल लावणार.

२० सप्टेंबर
आज मालकांना बसवलं. भिंतीला पाठ, मांडीखाली पोतं. सांडशी उजव्या हातात दिली, ती राहीना. लुगड्याच्या चिंधीनं हात सांडशीला बांधला. दिसायला अगदी पहिल्यासारखे दिसत होते. माझं मन भरून आलं. पण वेळ नव्हता, लोखंड काळं होऊन राहिलं होतं.

मी दांडा हलवत होते. वास आला. वाटलं, चिंधी जळाली. चिंधीच जळाली होती, पण हातबी. सांडशी सरकून लाल टोक मनगटावर पडलं होतं. मालकांनी हूं की चूं केलं न्हाई. दुसऱ्या कोणाचा हात असावा तसे पाहत होते.

घट्ट मनाचा माणूस. दुसरा असता तर गाव गोळा केला असता.

२१ सप्टेंबर
दवाखान्यात पट्टी. नर्सनं विचारलं, भाजलं कसं? मी म्हणलं, कामावर. तिनं मालकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हणलं, पाहत काय बसलीस, बांध.

सेवा फोनवर रडली. माय, त्यांना कळलंच न्हाई. हातात जीव न्हाई, आणि तू म्हणून राहिली, सहन केलं, सहन केलं. मी म्हणलं, तुला लोखंडातलं काय कळते. फोन ठेवला.

मालकांनी दिवसभर चमचा वाजवला. आराम पडावा म्हणून चमचा काढून घेतला. मग नखानं तांब्यावर वाजवलं. तांब्याबी काढला.

२८ सप्टेंबर
नवीन ठराव. सांडशी डाव्या हातात. डावा हात चांगला हाय. लांब दांड्याची सांडशी करायची. घण असता तर सांडशी एका दिवसात झाली असती.

सांडशी झाली न्हाई. जुनीच चालवू. गावात सांगितलं, नवमीला या.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
ऐरण धुतली. हळदकुंकू, झेंडू. सांडशी, हातोडी, छिन्नी मांडली. प्रेसलाबी हार घातला. घणाची जागा मोकळी राहिली, तिथं नारळ ठेवला.

गावातलं कोणी आलं न्हाई, सण घरोघर असते. सेवा आली, खेमा आला. दोघांनी धरून मालकांना ऐरणीपाशी बसवलं. भट्टी पेटवली. पट्टी लाल झाली. मी काढून ऐरणीवर ठेवली, प्रेसचा दांडा धरला आणि म्हणलं, मालक, डाव्या हातानं सांडशी घ्या.

मालकांनी डावा हात पुढं केला. सांडशी घेतली न्हाई. हातोडी घेतली. मी म्हणलं, पाहा, म्हणलं होतं का न्हाई? जागा दाखवून राहिले.

हातोडी पट्टीवर आली न्हाई. पट्टीच्या बाजूला मोकळ्या ऐरणीवर वाजली. पुन्हा वाजली. झेंडू खाली पडला.

मालक माझ्याकडं पाहत होते.

ऐरणच होती. दुसरं काही म्हणता येत न्हाई.

माझे हात दांडा सोडून घण खाली ठेवायला वाकले. हातात घण नव्हता. तरी ठेवला. पट्टी ऐरणीवरच काळी झाली.

२ ऑक्टोबर
चमचा परत दिला. दिवसभर वाजवला न्हाई.

प्रेसवर मालकांचं धोतर वाळत घातलं. प्रेस मजबूत झाली हाय. तसूभर हलत न्हाई.