आईच्या मृत्यूच्या दाखल्यावरील 'लॅटिनो' हा शब्द काढण्याबाबत

प्रति,
मा. जन्म-मृत्यू निबंधक,
काउंटी कार्यालय, सान ब्रासियो, कॅलिफोर्निया.

विषय : दिवंगत ओतिलिया वेंतुरा यांच्या दाखल्यात दुरुस्ती.
संदर्भ : माझा पहिला अर्ज व त्यावरील आपला नकार.

महोदय,

सविनय सादर करते की, माझी आई सीमेपलीकडच्या ओआहाका प्रांतातल्या डोंगरातली. आमच्या भाषेत आम्ही न्यू सावी, म्हणजे पावसाची माणसं. स्पॅनिश तिला येत नव्हते. 'सी', म्हणजे 'हो', एवढा एकच शब्द मुकादमापुरता तिने पाठ केला होता.

मार्चमध्ये तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी स्ट्रॉबेरीच्या शेतात होते. शेजारणीने तिला इस्पितळात सोडले. तेथील बाईंनी चेहरा पाहून 'लॅटिनो' लिहिले आणि रीतीप्रमाणे फोनवर स्पॅनिश दुभाषी दिला. तुम्ही लॅटिनो ना? सी. दुखणे कमी आहे का? सी. घरी जायचे का? सी. तिला घरी पाठवण्यात आले. संध्याकाळी मला म्हणाली, "फार विचारपूस केली गं त्यांनी. कळलं काही नाही, पण माणसं चांगली होती." आंत्रपुच्छ फुटून तिसऱ्या दिवशी ती गेली, आणि इस्पितळातला तोच शब्द दाखल्यावर उतरला.

आपल्या खिडकीवरील बाई म्हणाल्या, "अगं, मीपण लॅटिनोच. मला कुठं राग येतो?" त्यांना राग येण्याचे कारण नाही. शेतात त्यांचेच भाऊबंद आम्हाला 'ओआहाकाची बुटकी' म्हणून हाका मारतात. कागदावर तेवढे आम्ही एका घरचे.

हा शब्द आला कुठून, हेही मी वाचनालयात पाहिले. लॅटिन ही रोमची भाषा. तिची लेक स्पॅनिश. ती बोलणाऱ्यांनी आमचा मुलूख घेतला. पुढे पॅरिसमध्ये बसून काही शिकल्यासवरल्या मंडळींनी त्या साऱ्या मुलखाला 'लॅटिन अमेरिका' म्हणायला सुरुवात केली. आमच्या डोंगरात कोणी विचारायला आले नव्हते.

आपण कळवता की, मृत व्यक्तीने स्वतः होकार दिल्याने शब्द बदलता येत नाही. तो होकार कोणत्या भाषेतल्या प्रश्नाला होता, हे कृपया तपासावे.

शब्द काढणे शक्यच नसल्यास त्यापुढे 'स्पॅनिश येत नव्हते' एवढे तरी लिहावे. माझे वडील महिनाभर खोकत आहेत. त्यांनाही त्याच इस्पितळात न्यायचे आहे, आणि ते येत नाहीत. म्हणतात, "तिथं मला कोण म्हणून मारतील?"

उत्तराच्या प्रतीक्षेत,
एमेरेन्सिया वेंतुरा
दि. ९ मे

सोबत : दाखल्याची प्रत, आपले नकाराचे पत्र.