पहिली घागर

उमेश भाऊजी,

हे पत्र धाडायचं धाडस होणार नाही, तरी लिहिते. विहीर बुजवा म्हणालात, मी बुजवली नाही.

गाळ काढताना तुमचे दादा तिच्यातच जिवानिशी गेले. आपल्या पाड्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे, त्यानंतरची पहिली घागर घरच्या बाईनेच काढायची, तोवर कोणी तिथे पाणी भरायचं नाही. माझे हात उठेनात. बाया उन्हात नदीवर जायच्या, पण मला कोणी शब्दाने बोललं नाही.

मग नदी आटली, काल पाड्याचा हातपंपही आटला. म्हातारी बायजी दारात येऊन बसली. "दक्षा, तुझ्या नवऱ्याने कधी कोणाला तहानलेलं परत पाठवलं का गं?"

आज काढली. बायजीने ओंजळ धरली, मी ओतलं. मग मीही प्यायले.

पाणी गोडच आहे, भाऊजी. तेच सोसवत नाही.

तुमची वहिनी,
दक्षा