आईला पादचारी म्हणून मोजण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
रस्ते व वाहतूक विभाग, नगर कार्यालय

विषय : बाजाररस्त्यावर पुन्हा पांढरे पट्टे ओढून सिग्नल बसवणे, तसेच माझ्या आईस पादचारी धरणे.
संदर्भ : माझे आधीचे अर्ज व आपले नकाराचे पत्र.

महोदय,

१. मी बाजाररस्त्याला लागून तळमजल्यावर शिंपीकाम करतो. अंथरुणाला खिळलेली माझी मावशी बरोबर समोर राहते. आई रोज सकाळी चालत जाऊन तिची वेणी घालत असे. रस्ता रुंद झाला, पट्टे डांबराखाली गेले आणि ते बंद पडले. आता दोघी बहिणी खिडक्यांतून एकमेकींकडे बघत बसतात. आपल्या लिपिकांनी रिक्षाने उड्डाणपुलाला वळसा घालण्यास सुचवले. समोरच्या दारात जायला कोणता रिक्षावाला थांबतो, हे त्यांनी एकदा हात करून पाहावे.

२. सर्वेक्षणात रस्ता ओलांडणारे कोणी आढळले नाही, सबब पट्ट्यांची गरज नाही, असे आपण कळवले. महोदय, ओलांडता येत नाही म्हणूनच कोणी आढळत नाही.

३. फेरसर्वेक्षणाची तारीख कळवणारे पत्र दुर्दैवाने आईच्या हाती पडले. "मोजायला माणूस यायचा आणि रस्त्यावर कोणीच नाही, असं कसं चालेल?" एवढे म्हणून ती त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली. मी गिऱ्हाइकाचे माप घेत होतो. मान वर केली तर ती दुभाजकावर उभी, हातात फणी, एकाच पायात चप्पल. तिला पुढे जाता येईना की मागे येता येईना. मी जीव मुठीत धरून तिला परत आणले. छत्रीखाली बसलेल्या आपल्या मोजणीदारांना विचारले, नोंद झाली ना? ते म्हणाले, "पलीकडं पोचल्या असत्या तर धरलं असतं." मीही निघालो त्याच बाजूला परतल्याने मोजणीत बसलो नाही. मी तिथेच रडलो, हे लपवत नाही.

४. तरी आईस अर्धी व मला अर्धा धरावे, म्हणजे एक पादचारी पुरा होतो. त्याच्या वाट्याला जेवढे पट्टे येतील तेवढेच ओढावेत. तेही जमत नसेल, तर हात जोडतो, पुन्हा मोजणी करू नका. निदान तारीख घरी कळवू नका. साडी इस्त्री करून आई टपालाची वाट पाहत दाराशी बसलेली असते.

आपल्या दोन ओळींकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
शिंपी, तळमजला
दिनांक : मोजणीनंतरचा सोमवार

सोबत :
१) आपल्या नकाराची प्रत.
२) आईची डावी चप्पल, पुरावा म्हणून. उजवी दुभाजकापाशी पडली आहे. मावशीला ती खिडकीतून दिसते. आणायला कोणी जाऊ नये, असे तिने फोनवर बजावले आहे.