रिकामा दिसला की घे

४ सप्टेंबर २०१७, मलकापूर

नोकरी लागली बाप्पा! जळगाव जामोदहून आज सामानासकट आली. शिकली मराठी शाळेत, म्हणून रोजनिशीही मराठीतच. सोबत माझा मोठा भाऊ जाकीरभाई, त्याले याच आवारात जनरेटर सांभाळायचं काम मिळालं. वैजनाथशेठची ही कापसाची सरकी काढायची जुनी जिनिंग, आता इथं शेतकऱ्यांसाठी फोनसेवा चालते. कपाशीवर अळी आली, काय फवारू, असं कोणी विचारलं की कॉम्प्युटर बोलून उत्तर देतो. फोन वाढले की त्या प्रोग्रामच्या आणखी नकला उभ्या राहाव्या, घटले की बंद व्हाव्या, अन् हे आपोआप व्हावं, हे माझं काम. जाकीरभाई म्हणे, तू मशीनले कामाले लाव, मी खाटेवर पडतो. आळशी नंबर एक! पण तो नसता तर अम्मीनं मले पाठवलीच नसती.

११ सप्टेंबर

फोनवर फोन. अळी लागत नाही म्हणून लावलेल्या बीटी कपाशीतच बोंडअळी निघून राह्यली. मशीन पुरत नाहीत अन् शेठ नव्या घेत नाहीत. त्यांनी मले जिनिंगची रीत सांगितली. कापसाच्या गाड्या वाढल्या की मुकादम आवारात जो रिकामा दिसेल त्याले जुंपतो, गाड्या सरल्या की सोडून देतो, एकालेही बसवून ठेवत नाही. मी तोच नियम लिहिला: आवारात जे रिकामं दिसेल ते घे, मागणी नसेल तर शून्य. ऑफिसातले पडून असलेले कॉम्प्युटर लगेच कामाले लागले. शेठनं पेढे वाटले. लय खूश आहे मी.

३ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत झाडलोटवाल्या गोजरबाई पायरीवर टेकल्या होत्या. ओठ हलून राह्यले होते. जवळ गेली तर औषधाचं प्रमाण सांगत होत्या, आमच्या मशीनच्या सुरात, माझ्याच प्रोग्राममधले शब्द. हाक मारली, ओळखच नाही. स्क्रीनवर एक नक्कल जास्तीची. जागा: पायरी.

दुपारनंतर फोन घटले, ती नक्कल बंद झाली. त्याच घडीले बाई कलंडल्या. डॉक्टर म्हणे, हृदय थांबलं. नियम मीच लिहिला.

५ ऑक्टोबर

शेठले सांगितलं. म्हणे, पोरी, झोप काढ. नियम बदलायचा तर सगळं एकदा बंद करावं लागतं, अन् ऐन सीझनात ते बंद करू देत नाहीत. जाकीरभाईले घरी चल म्हटलं. म्हणे, सीझन झाला की जाऊ, काऊन भेऊन राह्यली? त्याले अम्मीची कसम घातली, आवारात रिकामा बसू नको. तो हसला. मी त्याच्या हातात नट आवळायचा पाना कोंबला.

२८ नोव्हेंबर

घेतलं त्याले. खाटेवर. डोळे उघडे, ओठ चालू. वरवट बकालच्या कोण्या माणसाले फवारणी सांगून राह्यला. भाईजान, भाईजान — ऐकतच नाही. ओढत फाटकापर्यंत नेला, तिथं त्याचा श्वास अडकला. परत आणला. आता मीच सगळं बंद करू शकत नाही. बंद केलं तर तो —

२९ नोव्हेंबर

फोन कमी. लोकांनी उभ्या कपाशीत ढोरं सोडली. नांगर फिरवून राह्यले. आता कोण काय विचारणार?

विचारा ना कोणी. या अल्लाह, कोणी तरी विचारा.

३० नोव्हेंबर

ऑफिसातल्या सगळ्या नकला बंद. उरली एक. जागा: खाट.

फोन चालू असला की नक्कल बंद होत नाही. मीच लावला. खाटेजवळ बसून. तोच उत्तर देतो. तूर विचारली. ज्वारी. केळी. एका हातानं लिहून राह्यली, हात थांबला तर मलेही —

१ डिसेंबर

घसा बसला. तेच विचारलं की म्हणतो, हे सांगून झालं आहे.

आता म्हणे, आणखी प्रश्न नसेल तर —

आहे, आहे भाईजान, थांब — हरभऱ्याचं — ते झालं — ठेवू नको, दुसरं आहे — अम्मी विचारते — अम्मीनं विचारलं, तू घरी कधी