चौथा पुरावा

प्रिय धाकटे,

तुझ्या चोर-शोधाच्या खेळाचं पार्सल पोचलं. रंगीत पत्ते वीस, घराचा नकाशा एक, बिल्ले सहा आणि तुझी चिठ्ठी, की ताई, बघ तरी मी काय केलंय. तिकिटं कमी पडली म्हणून पोस्टमनने माझ्याकडून दुप्पट पैसे घेतले. दूध-भाजीच्या हिशेबात कुठे बसवावेत सुचेना, तेव्हा तुझ्या नावावर मांडलेत.

पण तुझा खेळ माझ्याआधी आमच्या इथल्या ग्रंथालयात पोचला होता. तुम्हा ग्रंथपालांची रीत मला ठाऊक आहे. एकीने दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी शनिवारचा कार्यक्रम तयार करायचा, बाकीच्यांनी तो आयता उचलायचा. चांगलंच आहे हो, कागद वाचतो, डोकंही वाचतं. मी काटकसरी बाई, मी कशाला नावं ठेवू? फक्त तू हे आयतं जिथून उचललंस, तिथे एकदा विचारायचं होतंस.

‘देवघरातलं निरांजन कोणी नेलं?’ हा तुझा खेळ शनिवारी तिथे मांडला आणि माझ्या नातीने चोर सगळ्यांच्या आधी ओळखला. बिल्ला लावूनच जेवायला बसली, झाकणावर मावशीआजीचं नाव वाचलं म्हणाली आणि एकेक पुरावा सांगत सुटली. चौथ्याला तिला हसू आवरेना. चोराने चांदीचं निरांजन नेलं, पण जळती वात काढून वाटीत ठेवली, देव अंधारात राहू नये म्हणून. असा कसा गं आजी वेडा चोर? तिच्या बापाचा घास हातातच राहिला.

आपल्या घरचं निरांजन त्याने नेलं, अकरा वर्षांचा होता तेव्हा तो. मित्राची सायकल याच्या हातून मोडली होती, भरपाईला पैसे हवे आणि घरी सांगायची भीती. मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. निरांजन साफसफाईत हरवलं, असं घरभर सांगितलं. बोलले ती एकट्या तुझ्याशी, जिन्यात बसून. तुझ्या पोटात राहील वाटलं. राहिलं खरं इतकी वर्षं, आणि मग एकदम छापूनच निघालं.

नात हात धुवायला उठली, तेव्हा तो म्हणाला, “आई, तुला माहीत होतं. आणि तू ते मावशीला सांगितलंस, हसायला.”

तेव्हापासून माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलणं नाही. बदली टळावी म्हणून साहेबांना विनवणारा माझा मुलगा, त्याने परवा स्वतःहून बदली मागून घेतली. पंधरा तारखेला बिऱ्हाड हलणार. नातीचा शाळेचा दाखलाही काढलाय. मी समजवायला गेले की उठून जातो. सांजवात लावताना माझाच हात थबकतो.

खेळ परत घे म्हणत नाही. झाकणावरच छापलंयस, कुणीही वापरा, पुढे पाठवा. आता कुठे कुठे धावशील? पण त्या दिवशी जिन्यात मी हसत नव्हते, रडत होते. मुलगा चुकला, पण देवाला अंधारात ठेवलं नाही त्याने, एवढं मला पुरे, असं म्हणाले होते. तेवढं तू पत्त्यावर घेतलं नाहीस. ते ऐकलेली तू एकटीच आहेस. तेच त्याला लिही, त्याच्या नावाने, जसंच्या तसं. सजवू नकोस. पंधराच्या आत त्याच्या हातात पडलं पाहिजे, तेव्हा उलट टपाली धाड.

तुझीच,
ताई